गतिरोधक चकती व घर्षण-गाद्या, मोटारगाडीच्या

मोटारगाडीचा वेग कमी करण्यासाठी किंवा ती थांबविण्यासाठी चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी घर्षणकारी पदार्थाच्या गाद्या दाबणारी योजना म्हणजे चकती-गतिरोधक होय. रस्त्यावर मुद्दाम केलेल्या उंचवट्यालाही गतिरोधक म्हणतात. येथे हा शब्द 'ब्रेक' या अर्थी योजिला आहे. कारागिरांच्या बोलीत चकतीला 'डिस्क' व गादीला 'पॅड' किंवा 'ब्रेक पॅड' ही नावे रूढ आहेत. चकती व गाद्या हे दोन्ही भाग वापरात झिजण्यासाठीच केलेले असतात आणि ठराविक मर्यादेनंतर ते बदलावे लागतात. हे काम योग्य हत्यारे व सावधपणा असेल तर घरीही करता येते. मात्र त्यातील प्रत्येक कृती का करावयाची हे समजून घेतल्याशिवाय ते हाती घेणे धोक्याचे आहे.

इतिहास : गतिरोधकाच्या झिजेचा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. १८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी जर्मनीतील मानहाइम ते प्फोर्त्सहाइम हा प्रवास मोटारगाडीने केला. त्या वेळी उतारावर लाकडी रोधक-ठोकळे झिजू लागल्याने त्यांनी वाटेतील चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले, असे सांगतात. हेच गतिरोधकाचे पहिले अस्तर मानले जाते. १९०२ मध्ये इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकती-गतिरोधकाचे एकस्व घेतले. परंतु त्या काळचे घर्षणपदार्थ व खडबडीत, धुळीचे रस्ते यांमुळे ही योजना मागे पडली आणि ढोलाच्या आत पसरणाऱ्या पादुकांचा (ब्रेक शूंचा) ढोल-गतिरोधक पुढील अर्धशतक प्रचारात राहिला. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत चकती-गतिरोधक बसविलेल्या जॅग्वार गाड्यांनी विजय मिळविला. १९५५ पासून सीत्रोएन डीएस या गाडीत पुढील चाकांना चकत्या बसवून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. भारतात अँबॅसिडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्या दीर्घकाळ चारही चाकांना ढोल असलेल्या स्वरूपात निघत होत्या. पुढे पुढील चाकांना चकत्या व मागील चाकांना ढोल ही रचना छोट्या गाड्यांत सार्वत्रिक झाली.

रचना व कार्य : चकती बहुधा करड्या बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. बीड स्वस्त, उष्णता चांगली साठविणारे व कंपने शोषणारे असते, म्हणून ते पोलादापेक्षा पसंत केले जाते. पुढील चाकांच्या चकत्या पुष्कळदा दोन पडद्यांच्या असून त्यांमधील पोकळ्यांतून हवा खेळते. अशा चकतीस वायुवीजित चकती म्हणतात. चकतीला काठावरून कवेत घेणाऱ्या बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमाच्या भागास कॅलिपर म्हणतात. त्यात दट्ट्या व दोन गाद्या असतात. प्रत्येक गादी म्हणजे पोलादी पट्टीवर पक्का बसविलेला घर्षणपदार्थाचा थर होय. या थरात तंतू, धातूंचा कीस, खनिजांची पूड, ग्रॅफाइट इ. घटक रेझिनाने बांधलेले असतात. पूर्वी त्यात ॲस्बेस्टस सर्रास वापरीत; त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग व कर्करोग होतात हे स्पष्ट झाल्यावर अनेक देशांनी त्याचा वापर बंद केला.

चालकाने पेडल दाबले की मुख्य सिलिंडरातील द्रवावर दाब पडतो. पास्काल यांच्या नियमानुसार तो दाब नळ्यांतून सर्व चाकांपर्यंत सारखाच पोहोचतो व दट्ट्या पुढे सरकतो. सरक-कॅलिपरात दट्ट्या एकाच बाजूस असतो. तो आतील गादी चकतीवर दाबतो व त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन खुंट्यांवरून सरकून बाहेरील गादीही चकतीवर आणतो. या खुंट्या गंजल्या किंवा चिखलाने अडकल्या तर एकच गादी काम करते व ती लवकर संपते. वऱ्हाडातील काळ्या मातीचा चिकट चिखल व उन्हाळ्यातील धूळ यांमुळे या खुंट्यांची व त्यांवरील रबरी टोप्यांची तपासणी येथे विशेष अगत्याची ठरते.

उष्णता व घाटाचा उतार : गतिरोधक गाडीची ऊर्जा नाहीशी करीत नाही, तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. चकती व गाद्या यांविषयीची जवळजवळ प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघते. १,००० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी ६० किमी. वेगावरून थांबविताना सु. १४० किलोजूल उष्णता निर्माण होते. त्यातील सु. ७० टक्के भार पुढील चाकांवर पडतो असे धरले व पुढील दोन चकत्यांचे मिळून वस्तुमान ८ किग्रॅ. मानले, तर एका थांबण्याने त्यांचे तापमान सु. २६° से. वाढते. सपाट रस्त्यावर दोन थांब्यांमध्ये वाऱ्याने ही उष्णता निघून जाते आणि काही बिघडत नाही.

घाटात मात्र हिशेब बदलतो. सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी असलेले परतवाडा हे अमरावती जिल्ह्यातील गाव याचे चांगले उदाहरण आहे. येथून एक वाट चिखलदऱ्यास चढते व दुसरी सेमाडोह-हरिसालमार्गे मेळघाटातून धारणीकडे जाते. परतवाडा समुद्रसपाटीपासून सु. ४०० मी., तर चिखलदरा सु. १,१०० मी. उंचीवर आहे. म्हणजे चिखलदऱ्याहून परतवाड्यास येणारी गाडी सु. ७०० मी. खाली उतरते. वरील १,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या गाडीने हा उतार केवळ गतिरोधकाच्या बळावर उतरावयाचा ठरविला, तर सु. ७,००० किलोजूल उष्णता बाहेर टाकावी लागेल. ताशी ६० किमी. वेगावरून ५० वेळा थांबण्याएवढी ही उष्णता आहे. ती अजिबात बाहेर गेली नाही असे समजले, तर पुढील चकत्यांचे तापमान सु. १,३००° से.ने वाढेल. हा आकडा बिडाच्या वितळबिंदूच्याही वर आहे. प्रत्यक्षात वारा, टायरांचे घर्षण व एंजिनाचा विरोध यांमुळे तापमान एवढे चढत नाही; परंतु सुरक्षिततेची शिल्लक किती थोडी आहे, हे यावरून कळते.

ही शिल्लक तीन प्रकारे खर्ची पडते. झिजलेली चकती हलकी झाल्याने तितक्याच उष्णतेने अधिक तापते. पातळ झालेल्या गादीतून उष्णता दट्ट्याकडे व द्रवाकडे लवकर पोहोचते. शिवाय घर्षणपदार्थ प्रमाणाबाहेर तापला की त्याचा घर्षणांक घटतो व पेडल घट्ट असूनही गाडी नीट थांबत नाही. यास रोधनक्षीणता म्हणता येईल. याउलट द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल मऊ होऊन तळाशी जाते, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पहिल्या प्रसंगी जोर लावून थोडा तरी उपयोग होतो, दुसऱ्या प्रसंगी जवळजवळ काहीच होत नाही.

म्हणून ज्या गिअरात चढ चढावा त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम योग्यच आहे. त्यामुळे ऊर्जेचा मोठा वाटा एंजिन शोषून घेते. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही घातक सवय आहे. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या एंजिनात गाडी गिअरात असून प्रवेगकावरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआप थांबतो. म्हणजे न्यूट्रलमुळे बचतही होत नाही. एंजिन बंद करून उतरणे त्याहून वाईट. तसे केल्याने पेडलास साहाय्य करणारी निर्वात-शक्ती दोन-तीन दाबांनंतर संपते व किल्ली काढल्यास सुकाणू-चक्रही अडकते.

झिजेची लक्षणे : नव्या गादीचा घर्षणथर साधारणतः १० ते १२ मिमी. जाड असतो. तो ३ मिमी.च्या आसपास आला की गाद्या बदलणे इष्ट असते. अनेक गाद्यांना एक पातळ पोलादी जीभ असते. थर संपत आला की ती चकतीला घासून कर्कश शीळ घालते. ही सूचना दुर्लक्षिली तर पोलादी पट्टीच चकतीवर घासू लागते, खरखर ऐकू येते व चकतीवर खोल चरे पडतात. गाद्या झिजल्या की दट्टे बाहेर राहतात आणि टाकीतील द्रवाची पातळी उतरते. अशा वेळी केवळ द्रव भरून सूचक दिवा विझविणे म्हणजे लक्षण झाकून मूळ दोष तसाच ठेवणे होय.

चकतीची किमान जाडी तिच्या काठावर किंवा मध्यभागी बहुधा कोरलेली असते. सूक्ष्ममापकाने (मायक्रोमीटरने) काठापासून थोडे आत, परिघावर सहा ते आठ ठिकाणी जाडी मोजतात. काठावर न झिजलेली कड उरत असल्याने तेथे घेतलेले माप फसवे असते. जाडी किमान मर्यादेखाली असेल, भेगा दिसत असतील किंवा खोल चरे असतील, तर चकती बदलावीच लागते. गतिरोध करताना पेडल थरथरत असेल तर 'डिस्क वाकली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात चकती क्वचितच वाकते. पुष्कळदा तिची जाडी परिघावर मिमी.च्या काही शतांश भागांनी कमीजास्त झालेली असते. चकती बसविताना तिच्या व चाकाच्या तुंब्याच्या (हबच्या) मध्ये राहिलेला गंज हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे.

बदलण्याची पूर्वतयारी : एकाच आसावरील दोन्ही चाकांच्या गाद्या व चकत्या नेहमी एकत्र बदलतात. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने भाग असतील तर गाडी थांबताना एकीकडे ओढली जाते. नव्या चकत्यांवर जुन्या गाद्या बसवू नयेत, कारण त्यांचा पृष्ठभाग जुन्या चऱ्यांप्रमाणे झिजलेला असतो. गाडीचा नमुना व उत्पादनाचे वर्ष सांगून तंतोतंत जुळणारे भाग घ्यावेत. जॅक, भरभक्कम आधार-घोड्या, चाकपाना, योग्य मापाचे पाने, पीळमापक पाना (टॉर्क पाना), जी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, मजबूत तार, गतिरोधकासाठीचे स्वच्छक, उष्णतारोधी वंगण, हातमोजे व मुखपट्टी एवढे साहित्य लागते.

काम सपाट व कठीण जमिनीवर करावे. काळ्या मातीच्या अंगणात, विशेषतः पावसाळ्यात, जॅक व घोडी रुतते किंवा कलते. तेथे फरशीवरच काम करणे चांगले. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली किंवा विटांच्या रचलेल्या थरावर टेकविलेल्या गाडीजवळ कधीही काम करू नये. वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते.

कृती : पुढील चाकांचे काम करताना हातब्रेक लावून मागील चाकांना अटकाव देतात. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करतात, नंतर गाडी उचलून निर्मात्याने सांगितलेल्या जागी घोडी लावतात व चाक काढतात. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. म्हणजे दुसरी बाजू जुळणीचा नमुना म्हणून पाहता येते. साठलेली धूळ तोंडाने किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. ती द्रव स्वच्छकाने ओली करून पुसून घ्यावी.

कॅलिपराचे बोल्ट काढून तो बाजूस घेतात व तारेने टांगतात. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवल्यास नळीस आतून इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. जुन्या गाद्या काढल्यावर कॅलिपराचा आधारभाग सोडवितात व चकती काढतात. ती गंजाने घट्ट बसली असेल तर गंज सोडविणारे तेल लावून, थोडा वेळ थांबून, लाकडी किंवा रबरी हातोड्याने आलटून पालटून ठोकतात. यानंतर तुंब्याचा बसण्याचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करतात. ही पायरी कंटाळवाणी असली तरी पेडलाची थरथर टाळणारी तीच आहे. नव्या चकतीवर गंजरोधक तेलाचा थर असतो. तो स्वच्छकाने पूर्णपणे पुसल्यावर पृष्ठभागास हात लावू नये.

नव्या गाद्या जाड असल्याने दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून द्रवाची पातळी पाहतात. मध्यंतरी कोणी द्रव भरला असेल तर तो आता उतू जातो व गाडीचा रंग खातो, म्हणून जादा द्रव काढून घेतात. नंतर जी-क्लॅम्पने दट्ट्या सावकाश व सरळ दाबतात. मागील चाकांच्या ज्या कॅलिपरांत हातब्रेकाची यंत्रणा अंतर्भूत असते, त्यांचा दट्ट्या फिरवीत आत न्यावा लागतो. नुसता दाबल्यास आतील यंत्रणा मोडते. विजेवर चालणारा हातब्रेक असलेल्या गाडीत प्रथम तो दुरुस्ती-स्थितीत आणावा लागतो, त्यासाठी तिची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे.

खुंट्या साफ करून त्यांना योग्य वंगण लावतात. गाद्यांच्या पोलादी पाठीवर व त्यांच्या सरकण्याच्या जागी उष्णतारोधी वंगणाचा अगदी पातळ थर देतात. घर्षणपृष्ठास किंवा चकतीस त्याचा थेंबही लागता कामा नये. सर्व बोल्ट निर्मात्याने दिलेल्या पिळाइतकेच आवळतात. चाकाचे नट आधी हाताने, मग गाडी खाली घेतल्यावर समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. छोट्या व मध्यम गाड्यांत हा पीळ बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटर असतो.

यानंतरची कृती कधीही विसरू नये. गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेक वेळा दाबावे. दट्टे मागे ढकललेले असल्याने पहिल्या काही दाबांत पेडल मोकळेच खाली जाते. या अवस्थेत गाडी सुरू करून अंगणाबाहेर काढल्यास ती थांबविण्याचे साधनच हाती नसते. शेवटी द्रवाची पातळी पुन्हा पाहून झाकण लावतात.

गतिरोधक द्रव : यास व्यवहारात 'ब्रेक ऑइल' म्हणत असले तरी बहुतेक गाड्यांत तो खनिज तेल नसून ग्लायकॉल गटातील रसायनांचे मिश्रण असतो. खनिज तेल चुकून घातल्यास रबरी भाग फुगून यंत्रणा निकामी होते. द्रवाची प्रत 'डॉट' क्रमांकाने दर्शवितात. कोरड्या स्थितीत डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५° से. व डॉट ४ चा किमान २३०° से. असावा लागतो. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ठराविक प्रमाणात पाणी मुरलेल्या स्थितीत हेच किमान उकळबिंदू अनुक्रमे १४०° से. व १५५° से. एवढे खाली येतात. गादी नवी असली तरी जुना द्रव घाटात दगा देऊ शकतो, तो यामुळेच. म्हणून सामान्यतः दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, द्रव बदलतात. उघडून ठेवलेल्या डब्यातील शिल्लक द्रव पुढील वर्षी वापरू नये.

रुळविणे : नव्या गादीचा व चकतीचा पृष्ठभाग सुरुवातीस काही ठिकाणीच एकमेकांस टेकतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी सु. ५० किमी. वेगावरून १५ किमी.पर्यंत मध्यम दाबाने वीस-तीस वेळा वेग उतरवितात व प्रत्येक दोन वेळांमध्ये चकत्यांना निवण्यास अवसर देतात. त्यामुळे घर्षणपदार्थाचा पातळ, सारखा थर चकतीवर बसतो. पुढील सु. २०० ते ३०० किमी.पर्यंत निकड नसताना जोराने ब्रेक लावू नयेत. परतवाड्याच्या वाहनधारकास यासाठी अमरावतीकडील सपाट रस्ता योग्य. नव्या गाद्यांचा पहिला प्रवास चिखलदऱ्याचा नसावा. उतार संपल्यावर तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नये, त्यांना भेगा पडतात. तसेच गाडी उभी करून पेडल दाबून धरू नये. गादीखालील भागावर घर्षणपदार्थाचा ठसा उमटून पुढे थरथर सुरू होते.

मर्यादा : नळ्या व मुख्य सिलिंडर यांत बिघाड, द्रवाची गळती, पेडल दाबूनही मऊच राहणे, किंवा चाके अडकू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनीय यंत्रणेचा (एबीएसचा) दिवा लागणे, ही कामे घरगुती कक्षेबाहेरची आहेत. यंत्रणेत हवा शिरली असल्यास ती पद्धतशीरपणे काढावी लागते. काम संपल्यावर पेडल घट्ट नसेल, तर 'चालविल्यावर ठीक होईल' अशा भरवशावर गाडी बाहेर न काढता जाणत्या कारागिरास घरी बोलवावे. बहुतेक यंत्रभाग बिघडले तर गाडी चालत नाही. गतिरोधक बिघडला तर ती चालतच राहते. या कामात घाई व अंदाज यांना स्थान नाही, ते याच कारणामुळे.